डावीकडे ओढणारा टँकर

८ जानेवारी

आज मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "बाई, तुमचं सगळं पटतं हो, फक्त निम्म्या आवाजात सांगत जा." म्हणून ही डायरी. उरलेला निम्मा आवाज इथे.

भांडण जुनंच. आमचा खेळ म्हणजे एक अख्खं मोकळं जग आहे. डोंगर, बंदर, शहर, वाटेल तिकडे जा, दिसेल ती गाडी घ्या. त्या गाड्या चालतात कशा, हे ठरवणं माझं काम. वळणावर किती कलायचं, ब्रेक लागल्यावर नाक किती खाली जायचं, ओल्या रस्त्यावर चाक कधी सुटायचं. इथे येण्याआधी मी ट्रकच्या कारखान्यात चाचणी ड्रायव्हर होते. गाडी मला डोळ्यांनी नाही, बुडाखाली कळते. आणि साहेबांना हवीय अशी गाडी, जी कुणीही कशीही हाकली तरी रस्ता सोडणार नाही.

"लोक दिवसभर राबून घरी येतात," ते म्हणाले. "त्यांना घटकाभर मजा हवी असते. लायसन्सची परीक्षा नको असते."

"मग गाडी कशाला, सोफा द्या. बटण दाबलं की पळेल."

आवाजवाली मध्ये पडली. खेळातले सगळे आवाज ती करते, वयाने धाकटी पण तोंडाने माझीच बहीण. म्हणाली, "ताई, माझ्या आईची बोटं सांध्यांत वाकडी झालीत. तिलाही तुझ्या डोंगरावर जायचंय. तिने काय करायचं?"

"खेळात बस आहे ना? बसने जावं."

सगळे हसले. भाऊ तेवढा हसला नाही. भाऊ सख्खा नव्हे. मी गाडीबद्दल जे बोलते ते तो गणितात बसवतो, प्रोग्रॅम लिहितो. अकरा वर्षं शेजारी बसतोय. मी भाऊ म्हणायला लागले आणि मग सगळं ऑफिसच म्हणायला लागलं. तो हसला नाही म्हणजे जेवला नसणार.

१७ जानेवारी

टँकर जमला! दुधाचा टँकर, अर्धा भरलेला. लोकांना वाटतं, भरलेला टँकर अवघड. छे. अर्धा भरलेला खरा खोडकर. तुम्ही वळता, दूध मागाहून वळतं. तुम्ही सरळ होता आणि तेव्हा ते येऊन धक्का देतं. कारखान्यात पहिल्यांदा चालवला होता तेव्हा देव आठवले होते. आज खेळातल्या अरुंद पुलाच्या तोंडाशी तसाच धक्का बसला आणि मी खुर्चीत ओरडले. भाऊने पेढा दिल्यासारखा चेहरा केला. त्याचंही आहेच ते, अर्धं.

साहेब म्हणाले, "उलटतो का हो?" म्हटलं, "चुकलात तर उलटणारच." त्यांनी कपाळाला हात लावला.

१८ जानेवारी

घरी दूध उतू गेलं, करपलं, पातेलं काळं ठिक्कर. मी त्याच खोलीत बसले होते. नवरा बाहेरून धावत आला. "तुला वास नाही आला?" म्हटलं, दिवसभर टँकरभर दूध सांभाळते, लिटरभर दुधाकडे कोण बघणार.

२ फेब्रुवारी

टँकर डावीकडे ओढतोय. कालपर्यंत ठीक होता. पुलावर सरळ धरला तरी हळूहळू कठड्याकडे जातो, मी ओढून आणते, परत जातो. मध्येच थरथरतो. भाऊला सांगितलं. त्याने दिवसभर शोधलं, म्हणाला, "ताई, काही सापडत नाही."

"सापडत नाही म्हणजे? हे बघ." मी चालवून दाखवला. हा बाबा स्क्रीनकडे बघतच नाही! माझ्या हातातल्या कंट्रोलरकडे बघत बसला. म्हटलं, "अरे, गाडी तिकडे आहे."

५ फेब्रुवारी

सापडलं! कुठेतरी एक आकडा उलटा पडला होता म्हणे. आज टँकर पुलावरून लोण्यातून सुरी जावी तसा गेला. म्हटलं नव्हतं? इतरांचं असतं नाचता येईना अंगण वाकडं. माझं अंगण खरोखरच वाकडं होतं.

भाऊला मिठी मारणार होते, पण तो लगेच उठून गेला. हल्ली सारखा उठून जातो. घरी काही असेल.

२० फेब्रुवारी

हे पेन भिकार आहे. अक्षर ओळीच्या सुरुवातीला बरं येतं आणि शेवटाला मुंगीएवढं होतं. तिसरं पेन. मी डावखुरी, शाळेत बाईंनी छड्या मारल्या तरी अक्षर मोत्यासारखं ठेवलं होतं. आता कंपन्याच पेनं धड करत नाहीत.

नवऱ्याला गाडी चालवायचं खूळ लागलंय. एरवी स्टीअरिंग बघितलं की जांभई यायची. आता रोज, "थांब, मी सोडतो. मला आवडायला लागलंय." आणि चालवतो किती भयंकर! मी शेजारी बसून ब्रेक दाबत असते. आज त्याने विचारलं, "रागावलीस का?" म्हटलं, नाही. "मग चेहरा असा का?" म्हटलं, हाच चेहरा आहे, लग्नाआधी बघून घ्यायचा होता. तो हसला नाही. कुणीच हसत नाही हल्ली. सगळ्यांना झालंय काय?

१४ मार्च

आजचा दिवस सोन्याने लिहावा असा! (पेन तेच, हात तोच, म्हणून मुंग्या.)

बाहेरून पंधरावीस माणसं बोलावली होती, खेळ खेळून बघायला. कॉलेजची पोरं होती, एक निवृत्त परिचारिका होती, एक शिंपी होता ज्याने आयुष्यात कंट्रोलर हातात धरला नव्हता. मी काचेमागे उभी. साहेबांनी आधीच तोंड पाडलं होतं, आता सगळे उलटणार म्हणून. आणि काय सांगू! शिंप्याने टँकर पुलावरून नेला. हळू नेला, घाबरत नेला, कठड्याला घासता घासता वाचवला, पण नेला. उतरल्यावर म्हणाला, "एकदम खरं वाटलं हो. वाटलं, आता गेलो." मला भरून आलं.

मी साहेबांना पूर्ण आवाजात सांगितलं, "बघितलंत? लोकांना कमी समजू नका. खरी गाडी द्या, लोक शिकतात."

साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं." इतक्या लवकर हरतील असं वाटलं नव्हतं. भाऊला म्हटलं, चल, चहा पाजते. त्याचं डोकं दुखत होतं.

९ एप्रिल

आज साहेबांनी सगळ्यांसमोर एक आलेख लावला. म्हणाले, ज्याला खेळणं सगळ्यात अवघड जातं तो खेळाडू कसा चालवतो ते बघा. महिनोन्‌महिने याची नोंद घेतलीय, अंगठ्याची हालचाल न् हालचाल. रेघ नुसती कापत होती. वळायचं उशिरा, मग एकदम जास्त, मग थरथर, मग ब्रेकचा विसर. "याला जमलं," साहेब म्हणाले, "की जगात कुणालाही जमेल. म्हणून आम्ही याला तळ धरलाय."

मी म्हटलं, "हा कोण बिचारा? याला कुणीतरी सांगा रे, बसने जा!"

एरवी या वाक्याला हशा ठरलेला. आज कुणी हूं की चूं केलं नाही. भाऊ टेबलाकडे बघत होता. साहेबांनी आलेख घाईने बदलला. मला वाटलं, अंमळ जास्तच बोलले, कुणाचा तरी म्हातारा बाप असेल तो. पण अशी शांतता? एका विनोदावर?

६ मे

आज आवाजवालीने बोलावलं. टँकरमधल्या दुधाचा डुचमळणारा आवाज तिने नव्याने केलाय, वळणानंतर अर्धा क्षण मागून येतो, ऐकून बघ म्हणाली. तिच्या मशीनवर बसले. तिचंच लॉगिन, तिचाच कंट्रोलर. आवाज फार गोड. पुलाच्या तोंडाशी आले आणि टँकर कठडा तोडून खाली.

परत घेतला. परत खाली. तिसऱ्यांदा तर पुलावर चढलाच नाही, त्याआधीच वळणावर लोळला. डावीकडे ओढत होता. थरथरत होता. अगदी फेब्रुवारीसारखा.

मी ओरडले, "भाऊ! बिल्ड फोडलंस तू, अख्खा खेळ बिघडवलास!"

आवाजवालीने कंट्रोलर घेतला. "दे बघू." आणि हळूहळू नेला पुलावरून. फोडलेलं बिल्ड, आणि ही त्यात आरामात चालली.

भाऊ धावत आला. त्याने विचारलं नाही, काय फुटलं. त्याने विचारलं, "ताई, तू हिच्या लॉगिनवर का बसलीस?"

त्या प्रश्नाचा आवाज वेगळा होता. मी गाडीवाली आहे. आवाजावरून मला कळतं काय सुटलंय ते.

"माझ्या लॉगिनवर काय आहे?"

"वर गच्चीवर बोलू."

"इथेच बोल."

आवाजवाली उठून गेली. तो उभ्याने बोलला, खाली बसला नाही. फेब्रुवारीत आकडा वगैरे काही उलटा पडला नव्हता. गाडी ठीक होती. त्याने माझ्या लॉगिनपुरता एक थर टाकला, 'मदत'. माझा अंगठा थरथरला की ती थरथर गाळायची. मी उशिरा वळले की आधीच वळवायचं. ब्रेक मी विसरले की जरासा लावायचा. मला कळणार नाही इतकाच. मार्चमध्ये तीच मदत त्याने शिंप्यालाही लावली, त्या दिवशी बाहेरून आलेल्या सगळ्यांनाच लावली. साहेबांना ती फार आवडली. आणि मोजमापं कुणाची घेतली, हे त्याला सांगावंच लागलं नाही.

"तो आलेख," मी म्हटलं.

त्याने मान हलवली.

म्हणजे मी सगळ्यांसमोर उभी राहून माझ्याच हाताला म्हटलं, बसने जा. आणि खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"ताई, साहेब तुला काढणार होते. जानेवारीतच. तुझे आकडे वेडेवाकडे यायला लागले होते, तू चांगल्या गाड्या बिघडवत होतीस. मी म्हटलं, मी सांभाळतो. तुझी नोकरी राहिली, टँकर राहिला..."

"केसाने गळा कापलास रे."

तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. हल्ली चेहऱ्यावर काही येतच नाही म्हणतात.

६ मे, घरी

सांगायला आले. वाटलं, एक जण तरी आहे ज्याच्यापुढे मन मोकळं करून रडता येईल. सगळं सांगितलं. नवरा कांदा चिरत होता. ऐकत राहिला, चिरत राहिला. मध्ये एकदाही म्हणाला नाही, "काय सांगतेस!"

सत्तावीस वर्षं संसार केलाय. शेजाऱ्याची मांजर व्याली तरी हा माणूस म्हणतो, काय सांगतेस.

"तुला माहीत होतं."

सुरी खाली ठेवली. भाऊचा फोन आला होता म्हणे, डिसेंबरात. दोघं एकदा भेटलेही, चहाच्या दुकानात. तुझ्याही लक्षात आलंय का, असं एकमेकांना विचारलं. मग ठरलं, ऑफिसात भाऊने सांभाळायचं, रस्त्यावर याने.

"म्हणून तुला गाडी आवडायला लागली."

"मला गाडी अजिबात आवडत नाही," तो म्हणाला. "तू फाटकाचा खांब घासलास दोनदा. दोन्हीदा म्हणालीस, खांब पुढे आलाय."

"मग मला सांगायचं!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! भांडले असते, ताटं आपटली असती, महिनाभर बोलले नसते. पण ते न ऐकणं माझं होतं. तेही तुम्ही दोघांनी चहाच्या कपावर वाटून घेतलंत."

तो म्हणाला, "मला भीती वाटत होती." मग म्हणाला, "अजून वाटते."

मला त्याच्या भीतीचं काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. उद्या वाटेल कदाचित. आज माझा राग फक्त माझा आहे. तो तरी कुणी सांभाळायला घेऊ नये.

११ मे

पाच दिवस घरी. ऑफिसात सांगितलं, ताप.

सगळ्यात जास्त काय टोचतं? हात गेला हे नाही. त्याला अजून मी नीट नावही दिलेलं नाही. टोचतं हे की फेब्रुवारीपासूनचा माझा आनंद कुणीतरी बनवलेला होता. पुलावरून गेले तेव्हा खुर्चीत नाचले होते मी. भाऊ शेजारी बसून बघत होता. लहान पोराच्या हातात खेळण्यातलं स्टीअरिंग द्यावं आणि खरं स्टीअरिंग बापाने धरावं, तसं. पोर ओरडतं, बघा, मी चालवतोय! आणि मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसतात. हे दोघं हसले नसतील, माहीत आहे. तरीही.

१३ मे

कामावर गेले. साहेबांच्या खोलीत सरळ घुसले.

"मदत ठेवा," मी म्हटलं. साहेब चक्रावले. त्यांनी नोकरी, हक्क, वकील अशी सगळी उत्तरं घोटून ठेवली असणार. "शिंपी पुलावरून गेला, ते चांगलंच झालं. आवाजवालीच्या आईलाही जाऊ दे. पण विचारा. खेळ सुरू होतानाच विचारा, हवी का नको."

"बाई, सांगितलं तर मजाच जाते. माणसाला वाटलं पाहिजे, आपल्याला जमलं."

"मला वाटलं होतं. तीन महिने. मला विचारा, नंतर काय होतं ते."

ते म्हणाले, "हे माझ्या हातात नाही. वरच्यांना छुपीच हवीय."

"मग श्रेयनामावलीत गाड्यांखाली असलेलं माझं नाव काढा. ज्या मी चालवल्याच नाहीत, त्यांच्यावर मी सही करत नाही."

दारात वळताना माझा खांदा चौकटीला लागला. डावा. साहेब उठले, मग बसले. निदान मदतीला धावले नाहीत.

२९ मे

सकाळी माझ्या टेबलावर कंट्रोलर आणि मशीन चालू करून ठेवलेलं. शेजारची खुर्ची रिकामी. भाऊने आता पलीकडच्या कोपऱ्यात जागा मागून घेतलीय. मीच बोलत नाही त्याच्याशी. आवाजवालीने सांगितलं, भाऊ साहेबांशी तीन दिवस भांडला. भाऊ! ज्याने आजवर चहात साखर कमी आहे हेही कुणाला सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, प्रश्न खेळात दिसणार नसेल तर मदत मी काढून नेतो, माझ्याशिवाय ती कुणाला लिहिता येणार नाही. वरचे कबूल झाले.

फक्त प्रश्नाचे शब्द भरायची जागा त्याने मोकळी सोडली होती. माझ्यासाठी. मी लिहिलं:

गाडी रस्त्यावर ठेवायला मदत हवी का? हो. नको. (नंतर कधीही बदलता येईल.)

मग खेळ सुरू केला. आणि त्याने मला विचारलं. या सगळ्या प्रकरणात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, आणि तेही मीच लिहिलेल्या शब्दांत.

'नको' दाबलं. टँकर वळणावरच लोळला. परत 'नको'. परत लोळला. आवाजवालीने केलेला दुधाचा आवाज किती सुंदर आहे, हे दरीत पडताना नीट ऐकलं. दुपारपर्यंत 'नको' म्हणत राहिले. कुणी जवळ आलं नाही.

मग 'हो' दाबलं. गेला. सरळ, शहाण्यासारखा. पुलाच्या पलीकडे थांबवला आणि कंट्रोलर खाली ठेवला. जानेवारीत विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं का? भांडून, शिव्या घालून, शेवटी म्हटलंही असतं. नसतंही. आता ते कुणालाच कधी कळणार नाही, मलाही नाही. ते त्या दोघांनी नेलं.

कोपऱ्यातून भाऊ बघत होता. मी मान हलवली. माफी नव्हती ती. काम ठीक आहे, एवढंच.

४ जून

सकाळी नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात उभा. डॉक्टरची वेळ मी घेतो म्हणत होता, पण ती मी स्वतः फोन करून घेतली होती. "चल, सोडतो."

"नको."

"अगं, एकटी कशी जाशील?"

"बसने."

त्याने किल्ली परत खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "मी बसमध्ये बरोबर येऊ का?" विचारलं. पहिल्यांदा विचारलं. म्हणून मीही नीट विचार करून उत्तर दिलं, "आज नको."

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. सगळ्या वाटेत त्याचे हात बघत होते. जाड, बेफिकीर हात. एका वळणावर त्याने एक हात सोडून कान खाजवला. मला इतका राग आला त्याचा, आणि इतका हेवा वाटला.

डॉक्टरीण तरुण आहे. तिने वास येतो का विचारलं, चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला लावली. ओळीच्या शेवटी मुंग्या झाल्या. तिने कागद जवळ ओढून घेतला. मला वाटलं होतं, पेनाचंच असेल.

"हे कधीपासून सुरू झालं?" तिने विचारलं.

"ते मला विचारू नका," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला विचारा, आणि माझा एक भाऊ आहे त्याला. ऑफिसातल्या कुणालाही विचारा. मी सोडून सगळ्यांना माहीत आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली. "मग आजपासून जे काही असेल ते मी आधी तुम्हाला सांगेन. चालेल?"

मी हो म्हटलं.